प्राचीन जुन्नर नेमके कोठे वसले होते?

प्रश्न:
लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा लेणी आणि मानमोडी पाहून नुकताच परतलो. डोंगर कोरणाऱ्यांच्या खुणा चहूबाजूंना आहेत. मग ज्या नगराच्या पैशावर ही दोनशेहून अधिक लेणी उभी राहिली, ते नगर कोठे गेले?

पहिले उत्तर:
ते कोठेही गेलेले नाही, आजच्या जुन्नरखालीच आहे. कुकडीच्या काठावरची जागा माणसांनी कधी सोडलीच नाही, त्यामुळे वरची घरे हलवल्याखेरीज खालचे नगर सलग दिसणे अवघड. आपण नकाशावर गाव मध्ये ठेवून पाहावे: उत्तरेस नदीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेस मानमोडी, पश्चिमेच्या अंगाला शिवनेरी आणि त्यामागे तुळजा लेणी. सकाळी भिक्षेसाठी नगरात उतरून दुपारच्या आत परतता येईल, एवढ्याच अंतरावर भिक्षूंचे विहार आहेत.

दुसरे उत्तर:
वरील मांडणी पटते, परंतु नाणेघाटाशिवाय ती अपुरी आहे. जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या या घाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल देशावर चढत असे. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकात टाकली जात असे, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. माझ्या मते त्याहून बोलका पुरावा शेजारच्या गुहेत आहे. तेथे बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी आदींची नावे शिल्लक असली तरी खालच्या मूर्तींची जेमतेम पावले उरली आहेत. राजघराण्याने आपल्या प्रतिमांसाठी राजवाडा नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या वाटेवरची खिंड निवडली.

तिसरे उत्तर:
मानमोडीला पुन्हा गेलात, तर क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख अवश्य पाहा. त्यात पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनानेही, म्हणजे ग्रीक परदेशीयानेही, जुन्नरला दोन पोढी दिल्या. पावसाळ्यात डोंगरावरून वाहून जाणारे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे, तर कातळात टाके खोदण्यावाचून गत्यंतर नसते, हे दूरदेशच्या दात्यालाही कळलेले दिसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. टाकी मी केवळ ओलांडत गेलो, त्यांच्यावरचे लेख पाहिलेच नाहीत. हिवाळ्यात पुन्हा जाईन, आणि या वेळी नाणेघाटातून वर चढून येईन.