मदत हवी आहे: अलगूलच्या ग्रहणाचा मध्य भाकितापेक्षा नेहमी लवकर का येतो?

ययाति तारकासमूहातल्या अलगूल या रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्याची निरीक्षणे मी नुसत्या डोळ्यांनी करतो आणि त्यांवरून त्याच्या ग्रहणाचा मध्य काढतो. हा मध्य छापील भाकितापेक्षा वीस ते तीस मिनिटे लवकर येतो आहे. अंदाज घेण्यातली साधी चूक असती, तर ती कधी इकडे पडली असती, कधी तिकडे; पण फरक सतत एकाच बाजूला पडतो, म्हणजे त्यामागे काही ठरावीक कारण असले पाहिजे. ते शोधण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

ज्यांनी हा तारा कधी लक्ष देऊन पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलगूल हा एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा संच आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्यातला मंद, नारिंगी तारा तेजस्वी ताऱ्यासमोर येतो आणि एकत्रित प्रकाशाची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. उतरण आणि चढण मिळून सुमारे दहा तास लागतात. हे ग्रहण असावे, अशी कल्पना १७८३ मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलाने मांडली. वर्णपटावरून तिला पुरावा मिळाला तो १८८९ मध्ये, जर्मन खगोलशास्त्रज्ञ हेरमान फोगेल यांच्याकडून. गुडरिकने हे सारे नुसत्या डोळ्यांनी केले होते, म्हणूनच मला या ताऱ्याची ओढ लागली.

आवर्तनकाळ तीन दिवसांपेक्षा ३ तास ११ मिनिटांनी कमी असल्यामुळे ग्रहण दर तिसऱ्या रात्री तितकेच आधी येते. काही ग्रहणे अशी हाती लागतात आणि मग मध्य दिवसा सरकला, की पुढचा फेरा येईपर्यंत वाट पाहावी लागते. एका रात्रीत उतरण आणि चढण दोन्ही पाहायची असतील, तर मध्याच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे तीन तास एवढे तरी आकाश मोकळे हवे. माझी बहुतेक निरीक्षणे डिसेंबर आणि जानेवारीतली आहेत.

पद्धत अशी आहे. देवयानीतला गॅमा (२.१) आणि ययातितला एप्सिलॉन (२.९) हे मुख्य तुलना तारे, म्हणजे ज्यांच्या ठाऊक असलेल्या प्रतीशी अलगूल ताडून पाहायचा ते. अलगूल २.९ च्या खाली गेला, की त्रिकोणातला अल्फा (३.४) आणि ययातितला कॅपा (३.८) वापरतो. ऱ्हो ययाति हा तारा अलगूलच्या अगदी शेजारी असल्यामुळे मोह होतो, पण तो स्वतःच रूपविकारी असल्यामुळे त्याच्याकडे बघायचेच नाही असे ठरवले आहे. दर पंधरा मिनिटांनी, अलगूल हा वरच्या आणि खालच्या तुलना ताऱ्यांच्या मधल्या अंतरात कुठे बसतो याचा अपूर्णांकात अंदाज घेतो. गॅमापासून एप्सिलॉनकडे एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर २.४ अशी नोंद होते. नंतर उतरणीवर आणि चढणीवर तीच प्रत कोणत्या वेळी आली ते पाहून दोन्ही वेळांचा मध्यबिंदू घेतो.

आता खरी गोम सांगतो. २.३ ते २.४ या वरच्या पातळीवर काढलेला मध्य भाकितापेक्षा अर्धा तासही लवकर येतो, २.८ च्या आसपास काढलेला मध्य मात्र जवळजवळ बरोबर असतो. म्हणजे आलेख नुसता सरकलेला नाही, तो एका बाजूला झुकलेला आहे: उतरण संथ आणि चढण घाईची. या ताऱ्याच्या जोडीत वायूचा प्रवाह एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेला आहे असे वाचले आहे, आवर्तनकाळही दीर्घकाळात थोडा बदलतो. या कारणांनी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका फरक पडू शकेल का? घड्याळ जागतिक वेळेशी जुळवलेले असते, त्यामुळे तिथे शंका नाही.

आणखी एक उपप्रश्न. देवयानीतला गॅमा स्पष्ट नारिंगी आहे आणि अलगूल पांढरा. रंगातल्या या फरकामुळे अंदाज बिघडतो का? भाकिताची वेळ आधीच माहीत असल्यामुळे मन त्या दिशेने ओढले जाते का, हेही जाणून घ्यायला आवडेल. अर्थात तसे होत असते, तर माझा मध्य भाकितावरच पडायला हवा होता.

प्रतिसाद १

वायूचा प्रवाह आणि बदलता आवर्तनकाळ ही दोन्ही कारणे तूर्त बाजूला ठेवा. प्रवाहामुळे डोळ्यांना जाणवेल इतका आलेख झुकत नाही आणि आवर्तनकाळ बदलला असता, तर सगळ्या पातळ्यांवरचा मध्य सारखाच सरकला असता. मध्य पातळीप्रमाणे बदलतो, ही तुमची नोंद फार मोलाची आहे. उत्तर तिच्यातच आहे.

डिसेंबर-जानेवारीत अलगूल संध्याकाळी उंच असतो आणि मध्यरात्रीनंतर पश्चिमेला उतरतो. म्हणजे ग्रहणाची उतरण तुम्ही तारा वर असताना पाहता आणि चढण तो क्षितिजाकडे झुकल्यावर. आता तुलना ताऱ्यांच्या जागा पाहा. देवयानीतला गॅमा अलगूलच्या पश्चिमेला सुमारे बारा अंशांवर आहे आणि एप्सिलॉन पूर्वेला साडेनऊ अंशांच्या आसपास. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना गॅमा अलगूलच्या आधी खाली जातो आणि एप्सिलॉन मागे, उंचावर राहतो.

वातावरण प्रकाश खाते, हे आपल्याला माहीत असते, पण ते किती खाते याचा हिशोब सहसा कोणी करत नाही. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असे मानले, तर ३० अंश उंचीवर तो दोन थरांतून येतो, २० अंशांवर जवळजवळ तीन, १५ अंशांवर पावणेचार आणि १० अंशांवर साडेपाचांहून थोड्या जास्त थरांतून. स्वच्छ हवेत प्रत्येक थराला साधारण पाव प्रत जाते; धूळ किंवा धुके असेल तर जास्त. अलगूल ३० अंशांवर असताना गॅमा २० अंशांवर आला, तर गॅमा अलगूलच्या तुलनेत ०.२ प्रतीहून अधिक मंद झालेला असतो. तुम्ही मात्र त्याला अजून २.१ चाच धरता. परिणामी अलगूल खऱ्यापेक्षा तेजस्वी नोंदला जातो, चढण घाईने संपल्यासारखी वाटते आणि मध्य लवकर येतो.

वरच्या पातळीवरच हा फरक एवढा का, तर तिथे अंदाज मुख्यतः गॅमावर टेकलेला असतो आणि शिवाय तिथे तेज हळू बदलते. ग्रहणाच्या मधल्या तीव्र भागात प्रत तासाला चार-पाच दशांश बदलते, तेव्हा ०.२ ची चूक म्हणजे अर्ध्या तासाच्या आतली चूक. २.३ च्या आसपास मात्र बदलाचा वेग बराच कमी असल्यामुळे तीच चूक चढणीची वेळ पाऊण तासाहून अधिक लवकरच्या बाजूला ओढू शकते. मध्यबिंदू त्याच्या निम्म्याने हलतो. २.८ वर अंदाज एप्सिलॉनवर टेकतो, जो उंच असल्यामुळे उलट बाजूला ओढतो. थोडी ओढ गॅमाची, थोडी एप्सिलॉनची, त्यामुळे तिथे मध्य बरोबर आल्यासारखा भासतो. मला विचाराल तर तो योगायोग आहे, त्यावर विसंबू नका.

हे पडताळून पाहायचे असेल, तर पुढच्या ग्रहणात गॅमावरून आणि एप्सिलॉनवरून स्वतंत्र अंदाज घ्या: अलगूल गॅमापेक्षा किती पायऱ्या (डोळ्याला जेमतेम जाणवणारा तेजातला फरक म्हणजे एक पायरी) मंद, आणि एप्सिलॉनपेक्षा किती पायऱ्या तेजस्वी. अशी पायऱ्यांची पद्धत जर्मन खगोलशास्त्रज्ञ आर्गेलँडर यांनी १८४४ मध्ये हौशी निरीक्षकांना आवाहन करताना मांडली होती आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. दोन्ही ताऱ्यांवरून दोन वेगळे मध्य काढा. माझे म्हणणे बरोबर असेल, तर गॅमाचा मध्य लवकर आणि एप्सिलॉनचा उशिरा येईल.

रंगाविषयी: नारिंगी ताऱ्याकडे टक लावून पाहिले, की तो उगाच तेजस्वी वाटू लागतो, शिवाय वेगवेगळ्या लोकांना तो वेगळा दिसतो. झटपट नजर टाकून ठरवा. पण हा दोष रात्रभर जवळपास सारखाच राहत असल्यामुळे प्रतीचा आकडा बिघडेल, मध्य फारसा हलणार नाही.

धागाकर्ता

आपला मनापासून आभारी आहे. प्रत्येक अंदाजासोबत मी तुलना ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंचीही नोंदवत आलो आहे, त्यामुळे पुढच्या ग्रहणाची वाट न पाहता जुन्याच नोंदी नव्याने मांडून पाहिल्या. अपूर्णांकांवरून गॅमाच्या आणि एप्सिलॉनच्या पायऱ्या वेगळ्या काढता येत नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या मध्यांची पडताळणी पुढच्या ग्रहणासाठी ठेवली आहे.  पण उंचीनुसार पाव प्रत प्रतिथर अशी दुरुस्ती केल्यावर आलेखाचा झुकाव गेला आणि वरच्या व खालच्या पातळीवरचे मध्य एकमेकांजवळ आले.

तरीही पाच ते सात मिनिटे शिल्लक राहतात, आणि तीही लवकरच्याच बाजूला. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजात दहा मिनिटे इकडेतिकडे होणारच हे मान्य आहे, पण पुन्हा एकच बाजू आल्यामुळे मन स्वस्थ बसत नाही. हेही वातावरणातच जमा करायचे का?

प्रतिसाद २

नाही, हे शिल्लक राहिलेले खरे आहे. तुमच्या भाकिताच्या तक्त्यावर वेळ सूर्यकेंद्री आहे का ते पाहा. बहुतेक तक्त्यांत ती तशीच असते, म्हणजे सूर्याच्या जागी बसून पाहिले असते तर ग्रहण केव्हा दिसले असते ती वेळ. आपण पृथ्वीवरून पाहतो. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास अलगूल आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, त्यामुळे पृथ्वी सूर्यापेक्षा त्याच्या अधिक जवळ असते आणि प्रकाश आपल्याकडे आधी पोहोचतो. सूर्य ते पृथ्वी हे अंतर प्रकाश ८.३ मिनिटांत पार करतो. अलगूल क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) सुमारे २२ अंश उत्तरेला असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा फरक जास्तीत जास्त पावणेआठ मिनिटांपर्यंत जातो. डिसेंबरच्या मध्यात तो सात मिनिटांच्या जवळपास असतो, जानेवारीच्या मध्यात चार, आणि फेब्रुवारीच्या मध्यात शून्य. त्यानंतर तो उलट दिशेने वाढत जातो, पण मे महिन्यात तारा सूर्याच्या आसपास गेल्यामुळे तिथले टोक आपल्याला पाहता येत नाही.

गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांत डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांना १६७६ मध्ये नेमका असाच हिशोब सापडला होता आणि त्यातून प्रकाशाला वेग असतो हे प्रथम दिसून आले. तुमच्या नोंदी महिन्यांप्रमाणे वेगळ्या करून पाहा. डिसेंबरमधली शिल्लक जानेवारीपेक्षा दोन-तीन मिनिटांनी जास्त निघायला हवी. मात्र एकेका ग्रहणात ते दिसणार नाही, दोन्ही महिन्यांच्या सरासऱ्या घ्याव्या लागतील.

भाकिताच्या ओढीबद्दल एवढेच सुचवतो, की निरीक्षणाच्या रात्री ग्रहण आहे एवढे माहीत असू द्या, नेमकी मिनिटे दुसऱ्या कोणाला तरी पाहून ठेवायला सांगा. आधीचा अंदाज झाकून पुढचा लिहा. नोंदवहीत घड्याळात दिसलेली वेळ आणि डोळ्यांना वाटलेली प्रत जशीच्या तशी ठेवा. उंचीची आणि सूर्यकेंद्री वेळेची दुरुस्ती वेगळ्या रकान्यांत करा, म्हणजे पुढे हवेच्या थराचा आकडा बदलावासा वाटला तर मूळ निरीक्षण शाबूत राहील.