तोरेस देल पाइने: तंबू पाठीवर न्यावा का?

कातळवाट: चिलीच्या पाटागोनियातल्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानातला, डोंगररांगेभोवती पूर्ण फेरी मारणारा 'ओ' ट्रेक, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आठ दिवस. तंबू नेऊ नका, असं माझं ठाम मत. तंबू (अर्धा वाटा), मॅट, स्लीपिंग बॅग मिळून माणशी तीन किलो, वर पाच किलो शिधा. जॉन गार्डनर खिंडीतून (सुमारे १२०० मी.) ग्रे हिमनदीकडे उतरताना हे ओझं गुडघ्यांवर येतं. मुक्काम बुकिंग केलेल्या कॅम्पवरच करावा लागतो, मग तिथला उभा तंबूच भाड्याने घ्या.

रानवारा: साफ असहमत. तंबू, मॅट, बॅगचं भाडं सात रात्रींनी गुणा, नुसत्या जागेच्या कितीतरी पट होतं. वजन नव्हे, चुकीचा तंबू नडतो. ५१ अंश दक्षिणेला पश्चिमेचा वारा महासागरावरून थेट येतो, अडवायला जमीनच नाही. ऐन उन्हाळ्यात ताशी १०० किमीचे झोत असतात. सह्याद्रीत चालून जाणारा उंच, हलका तंबू तिथे पोलच्या सांध्यात मोडतो. बुटका घ्या, अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. आधी वाऱ्याकडचे पेग ठोका, कापडावर सॅक ठेवा, मगच पोल घाला. आधी पोल घातलेत की कापड हातातून गेलंच. मोडलेल्या पोलवर सरकवायची ॲल्युमिनियमची छोटी नळी आणि चिकटपट्टी जवळ हवीच.

कातळवाट: आणि जिथे लाकडी ओट्यांवर तंबू लावायचा, तिथे पेग कुठे ठोकणार?

रानवारा: ठोकायचे नाहीत, फळ्यांना बांधायचं. दोन-दोन मीटर दोरीचे सहा तुकडे, वजन नगण्य. खाऊ मात्र तंबूत ठेवू नका, उंदीर कापड कुरतडून आत येतात.

हिमरेषा: तंबू कोणताही घ्या, पाऊस-वारा आहे म्हणून त्याच्या पडवीत स्टोव्ह पेटवायचा नाही. २००५ मध्ये परवानगी नसलेल्या जागी एक स्टोव्ह कलंडला आणि सुमारे १५ हजार हेक्टर जळालं. लेंगाचं (तिथलं स्थानिक झाड) रान फार सावकाश वाढतं हो! स्वयंपाक नेमून दिलेल्या निवाऱ्यातच. गॅसचा कॅन विमानात चालत नाही, उद्यानाजवळच्या पुएर्तो नातालेस गावात घ्या. अर्जेंटिनातून बसने येत असाल तर ताजी फळं आणि मध सीमेपूर्वीच संपवा, चिलीत शिरताना काढून घेतात.

कातळवाट: स्टोव्हचं शंभर टक्के मान्य. तंबूचं नाही. पोंचो आणि सॅकचं कव्हरही घरीच ठेवा, पहिल्याच झोतात उडतात. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला.