पोरांना हवा जाड टायर आणि डिस्क. दिवे, मडगार्ड, हेल्मेट विकायचं कसं?

कृष्णाकाठ_सायकल

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान आहे. जून उजाडला की आठवी-नववीची पोरं आईवडिलांना घेऊन येतात आणि मागणी ठरलेली असते: जाड टायर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, डबल शॉकअप (म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे), काळा मॅट रंग. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड यातलं काहीही नको, कारण "ते लावलं की सायकल म्हाताऱ्याची दिसते". हेल्मेट आणि दिवे दाखवले की वडील म्हणतात, नंतर बघू.

सायकली आठ ते पंधरा हजारांच्या. रोजचं जाणं-येणं शाळा आणि क्लास मिळून चार-पाच किलोमीटर, त्यात काही भाग हायवेच्या सर्व्हिस रोडचा. दिवाळीनंतर क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो आणि तोच उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग.

गिऱ्हाईक न दुखावता सुरक्षेचं सामान गळी कसं उतरवायचं? आणि ही डिस्क-शॉकअपवाली सायकल विकावी की समजावून दुसरी द्यावी?

आऊट_काढणारा

दादा, हेल्मेटच्या आधी फिटिंगचं बोलू. ते पूर्ण तुमच्या हातात आहे आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसत नाही. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, पुढचं काम दुकानातल्या पोराचं. शाळेच्या गर्दीत हे काम घाईत उरकलं जातं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे उलटा बसलेला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. शॉकअपवाल्या चिमट्यात ती चटकन लक्षात येत नाही. खूण सोपी: पुढच्या डिस्कचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा ब्रेकचा भाग, सायकलवर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या पायाच्या मागच्या बाजूला हवा. तो उजवीकडे आणि पुढे दिसला तर चिमटा फिरलेला आहे. अशा सायकलचं चाक फ्रेमच्या जवळ येतं, वळताना बुटाचं टोक टायरला लागतं आणि हँडल जड होतं. वायरला पीळ पडतो तो वेगळाच.

दुसरं, हँडल. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जोरात पिळा. हललं तर स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट सैल आहेत. हँडल धरणारे चार बोल्ट एका दमात आवळायचे नाहीत. तिरपे समोरासमोर, थोडे थोडे, ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत. त्यासाठी किती जोरानं आवळलं ते दाखवणारा टॉर्क रेंच एकदाच घ्यावा लागतो. सीटच्या दांड्यावर, आणि स्टेम नळीत आत घुसणारा असेल तर त्यावरही, किमान खोलीची रेघ असते. ती बाहेर दिसता कामा नये, मग पोरगा कितीही उंच असो.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत पाना उलटा फिरतो आणि पायडल ज्यात बसतं त्या ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात. महिन्याभरात पायडल चालत्या सायकलवरून निखळतं.

आता डिस्क. पोरं डिस्क मागतात तेव्हा सर्वस्वी चुकत नाहीत. जुन्या पोलादी क्रोम रिमवर पावसात रबर धरतच नाही, तिथे डिस्क नक्कीच बरी. पण ॲल्युमिनियम रिम आणि चांगली रबरं असलेला व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून धरणारा) तुमच्या सपाट चार-पाच किलोमीटरला पुरून उरतो, आणि गावातला कुठलाही मिस्त्री तो लावून देतो. स्वस्तातली वायरवाली डिस्क निगा मागते. तिच्यात बहुधा एकच पॅड हलतं, दुसरं स्थिर असतं. पॅड झिजलं की स्थिर बाजू एलन कीनं आत घ्यावी लागते. नुसती वायर ताणत राहिलं तर पातळ चकती दर वेळी एका बाजूला वाकते, लिव्हर मऊ लागतो आणि ब्रेक उशिरा धरतो.

नवी डिस्क तशीच हातात देऊ नका, पॅड चकतीवर घासून आधी रुळवावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० च्या आसपास वेग घ्यायचा, एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही. पुढच्याला १५-२० वेळा, मागच्याला तेवढंच. हे न केल्यानं "नवी सायकल आहे, ब्रेकच लागत नाही" म्हणत लोक परत येतात. चेनला तेलाचा स्प्रे मारताना चकतीवर फडकं टाका. चकतीवर तेल पडलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतं, पॅडनं तेल प्यायलं तर ते बदलण्यावाचून इलाज नाही.

डबल शॉकअपबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, विकू नका. या किमतीत मागे नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं आत काही नसतं. पायडलचा जोर स्प्रिंग खाते, वजन १७-१८ किलोंवर जातं आणि मधल्या सांध्याच्या बुशिंगला वर्षभरात खेळ येतो. मग मागचं चाक वळणावर आपल्या मनानं सरकतं. पुढचा शॉकअप चालेल, साधा चिमटा त्याहून चांगला.

घाटवाट

फिटिंगचं वरती आलंच आहे. मी दिसण्याबद्दल लिहिते, कारण चौदा वर्षांच्या मुलामुलींना दिसणं महत्त्वाचं वाटतं आणि त्यात गैर काही नाही. जे शोभत नाही ते पहिल्या आठवड्यातच दप्तरात जातं.

हेल्मेट वडिलांना दाखवू नका, मुलाच्या डोक्यावर ठेवा. दुकानात पूर्ण चेहरा दिसेल असा आरसा हवा आणि एकाच मापात तीन-चार रंग हवेत. आधी मोजपट्टीनं डोकं मोजा: भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, मागे सगळ्यात फुगीर भागावरून. ५४ ते ५८ सेंटिमीटरला बहुतेक कंपन्यांचं मध्यम माप बसतं, त्यावर मोठं. हेल्मेट कपाळावर आडवं हवं, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सारून कपाळ उघडं टाकलेलं हेल्मेट फोटोत झकास दिसतं, पण तोंडावर पडल्यावर त्याचा उपयोग शून्य. पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या पाळीच्या खाली यावा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच ढील. मग पट्टा लावून मुलाला मान जोरात हलवायला सांगा. मुलींना अंबाडा किंवा उंच पोनी घालून हेल्मेट बसत नाही, हे विकतानाच सांगा. वेणी खाली घेतली की मागचा फिरकीचा डायल नीट आवळतो.

आतल्या लेबलवर ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) हे सायकल हेल्मेटचं मानक शोधा. मोटारसायकलच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ असतं, ते मानक सायकलचं नाही. आतला पांढरा फोम दबून मार झेलतो आणि एकदा दबला की पुन्हा तसा होत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. दीड हजारांच्या आत प्रमाणित हेल्मेट मिळतं. त्याच किमतीत मोठ्या नावाची नक्कल आणि चकचकीत चष्मा जोडून येणारं हेल्मेटही मिळतं, ते दुकानात ठेवूच नका.

काळ्या मॅट सायकलवर काळं जॅकेट आणि काळं दप्तर, हा अंधारातला सगळ्यात वाईट मेळ. भडक पोपटी रंग दिवसा आणि संधिप्रकाशात काम करतो, रात्री त्याचा फायदा जवळजवळ संपतो. रात्री लागते ती प्रकाश आल्या दिशेनंच परत फेकणारी पट्टी, आणि तिची उत्तम जागा म्हणजे घोटा. पायडलबरोबर वर-खाली होणारी चमक पाहून मागच्या चालकाला सायकलवाला चटकन ओळखू येतो. काळी दिसणारी पण उजेडात पांढरी चमकणारी पट्टीसुद्धा मिळते. रिमवर, चिमट्यावर, हेल्मेटच्या मागे ती लावली तर दिवसा रंगसंगती बिघडत नाही आणि पोरं ती आपणहून मागतात.

लुना_नको_सायकल_हवी

घाटवाट ताईंशी एका बाबतीत सहमत नाही. गिऱ्हाईक दारात आल्या आल्या हेल्मेट पुढे केलं तर "सायकल धोक्याची आहे" एवढंच त्या आईच्या डोक्यात राहतं आणि मुलाला पुढे स्कूटी मिळते. कायद्यानंही आपल्याकडे सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे. हेल्मेट जरूर विका, पण त्याची मर्यादा सांगून. ईएन १०७८ च्या चाचणीत सपाट लोखंडावर आपटण्याचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. खड्ड्यात पडण्यापासून ते वाचवतं, ट्रॉलीखाली जाण्यापासून नाही.

त्यामुळे माझा क्रम: ब्रेक, दिवे, मडगार्ड आणि चेनकव्हर, मग हेल्मेट. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, दिवे हे बहुधा मुळातच लावलेलं असतं, हेल्मेट फार थोडे घालतात. अर्थात तिथे वेगळे सायकलमार्ग आहेत, ते आपल्याकडे नाहीत, म्हणून हेल्मेट सोडा असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या नियमांनुसार नवी सायकल घंटी लावूनच विकावी लागते. विकणाऱ्यानं काय लावून द्यायचं हे तिथे ठरलेलं आहे, आपल्याकडे त्यातलं बरंचसं दुकानदारानं स्वतः ठरवायचं.

म्हणून दादा, नुसती सायकल मांडूच नका. मांडलेल्या प्रत्येक सायकलला मडगार्ड, घंटी, स्टँड, पुढे-मागे दिवे लावलेले असू देत आणि पाटीवर सगळ्याची मिळून एकच किंमत. ज्याला नको असेल तो काढायला सांगेल, तेव्हा काढून पैसे कमी करा. "हे घेणार का?" विचारलं तर उत्तर नाही येतं. "हे काढू का?" विचारलं तर आई म्हणते, राहू दे.

कृष्णाकाठ_सायकल

एक किंमत लावायचं पटलं, या जूनपासून तसंच करतो. दोन शंका. २६ बाय १.९५ इंचाच्या टायरला न खडखडणारं आणि बरं दिसणारं मडगार्ड कुठलं? आणि दिव्यांत नेमकं काय बघायचं? ट्रॉल्यांची भीती जास्त आहे.

आऊट_काढणारा

१.९५ चा टायर म्हणजे साधारण ५० मिलिमीटर, त्यावर ६० मिलिमीटर रुंदीचं काळं प्लास्टिकचं पूर्ण लांबीचं मडगार्ड घ्या. काळ्या सायकलवर ते उठून दिसत नाही, पोरांची तक्रार निम्मी तिथेच संपते. टायर आणि मडगार्डमध्ये करंगळीएवढी फट सगळीकडे सारखी हवी. खडखडाट मडगार्डला धरणाऱ्या काड्यांच्या स्क्रूमुळे होतो. नायलॉन नट वापरा आणि काडीचं उरलेलं टोक कापून त्यावर टोपी बसवा. पुढची काडी सैल सुटून चाकात गेली तर सायकल जागीच अडते, म्हणून पहिल्या सर्व्हिसला तीच आधी बघा. सीटच्या दांड्याला लटकणारं आखूड शेपूट चिखल फक्त पाठीवरून वाचवतं.

ती पहिली सर्व्हिस तारीख घालून द्या, तीन आठवड्यांनी. तोवर वायर ढिल्या पडलेल्या असतात, स्पोक आपल्या जागी बसून थोडे सैलावलेले असतात, आऊट काढायची, म्हणजे चाक सरळ करायची, हीच वेळ. "कधीही या" म्हटलं की कोणी येत नाही.

दिवे: गावात खांबाच्या उजेडात पुढे १०० लुमेनचा चालतो, सर्व्हिस रोडच्या काळोखात ३००-४०० हवा, आणि त्याचं तोंड थोडं खाली, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असं. बटण-सेलचा खेळण्यातला दिवा पावसात टिकत नाही. यूएसबीवर चार्ज होणारा आणि पाण्यापासून सुरक्षित असा घ्या. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्याला लावला तर कॅरिअरवरचं दप्तर तो झाकतं, म्हणून कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा. दिवसा लुकलुकता चालेल. अंधारात स्थिर ठेवायला सांगा, लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर मागच्याला नीट कळत नाही.

ट्रॉल्यांसाठी हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावा, वाहनं उजवीकडूनच पुढे जातात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे आलेला असतो, तेव्हा रस्त्याची कड आणि ट्रॉली यांच्या मधल्या फटीतून पुढे घुसायचं नाही, हे पोराला आईवडिलांसमोर सांगा. आणि पहिल्या दिवशी पुढचा ब्रेक कुठल्या हाताला ते दाबून दाखवा. दुकानात उभ्या असलेल्या दोन सायकलींतसुद्धा ते उलटसुलट असू शकतं.

घाटवाट

मापाचं राहिलं. पालक "वाढतं अंग आहे, मोठीच द्या" म्हणतात आणि दुकानदार २६ की २९ विचारतो. ते चाकाचं माप झालं, फ्रेमचं वेगळं असतं. मुलाला बूट घालून फ्रेमच्या वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करा. दोन्ही टाचा जमिनीवर असताना मांड्यांच्या जोडापासून नळीपर्यंत किमान पाच सेंटिमीटर मोकळे हवेत. नळीला टेकूनच उभं राहावं लागत असेल तर ट्रॉली आडवी आल्यावर ते मूल सायकल थांबवूनही पडणार. वाढत्या अंगासाठी लांब सीटदांडा द्या, सीट वर घेता येते. फ्रेम कमी करता येत नाही.