मावशी शुद्धीत आहे, तरी निर्णय तिला सोडून सगळ्यांना विचारले जातात – मदत हवी आहे

माझी मावशी रुग्णालयात आहे. कर्करोग हाडांत पसरलाय, केमो बंद केली आहे. ती शुद्धीत असते, नीट बोलते, कुणाला काय सांगितलं ते तिच्या लक्षात राहतं. तरीही डॉक्टर राउंडला आले की तिला "कसं वाटतंय?" एवढंच विचारतात आणि बाकीचं सगळं मामांना बाहेर बोलावून सांगतात. सह्याही मामांच्याच.

तिनं आम्हा दोघांना स्पष्ट सांगितलंय: आयसीयू नको, घशात नळी नको, हृदय थांबलं तर छाती दाबू नका, फक्त दुखणं थांबवा. मामांनी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर उत्तर मिळालं, "मग घरी घेऊन जा." व्हेंटिलेटर नको म्हणजे उपचारच नकोत, असं कुठे असतं? डीएनआर (हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करू नका, अशी नोंद) म्हणजे सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न, करायचा नाही, एवढंच ना? ऑक्सिजन, औषधं, शुश्रूषा हे सगळं चालूच राहायला हवं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो तिच्या दुखण्यापायी. मॉर्फिन लिहून दिलंय, पण "लागेल तेव्हा". म्हणजे तिनं आधी कळवळायचं, मग आम्ही सिस्टरना शोधायचं, मग डोस. रात्री फार हाल होतात. जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगत आली आहे की कर्करोगाच्या सततच्या वेदनेवर औषध घड्याळाप्रमाणे द्यावं, दुखण्याची वाट पाहू नये. साध्या तोंडी मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. वाढवा म्हटलं की "सवय लागेल" असं ऐकवतात. या टप्प्यावर सवयीची भीती कुणाला आणि कशासाठी? श्वासावर परिणाम होईल ही काळजी मी समजू शकते, पण डोस बेतानं वाढवत नेला आणि लक्ष ठेवलं तर तो धोका आटोक्यात राहतो, असं वाचलंय.

कायदा देशागणिक वेगळा, म्हणून कलमं विचारत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९८१ च्या आणि १९९५ मध्ये सुधारलेल्या लिस्बन जाहीरनाम्यात उपचार नाकारण्याचा आणि वेदनामुक्तीचा हक्क रुग्णाचाच मानला आहे. प्रश्न तो वॉर्डात पदरात कसा पाडून घ्यायचा, हा आहे.

मावशीची इच्छा केसपेपरवर नोंदवून घ्यायची तर कुणाकडे जायचं? ती सही करू शकते, तर ती आत्ताच घ्यावी ना? उद्या ती गुंगीत गेली आणि दूरचा एखादा नातेवाईक येऊन "सगळं करा" म्हणाला, तर तिचा शब्द टिकेल का? पॅलिएटिव्ह केअरचे (आजार बरा करण्यापेक्षा दुखणं आणि त्रास कमी करणारे) डॉक्टर आम्हीच मागायचे, की चालू डॉक्टरांनीच बोलवावे लागतात? आणि हे सगळं बोलताना त्यांना दुखवायचं नाहीये, मावशी त्यांच्याच हाती आहे.

भर: प्रतिक्रियांत दोघांनी विचारलंय की तिला आजाराचं पूर्ण माहीत आहे का. हो, तिनंच विचारून घेतलं. "तिला सांगू नका" हा सल्ला कृपया नको.

उद्या डॉक्टरांनी भेटायची वेळ दिली आहे. मावशीच्या खाटेपाशीच बसून बोलू या, असं मी म्हणणार आहे. अशा बैठकीत बसलेल्यांनी, विशेषतः नर्स किंवा डॉक्टर असलेल्यांनी, सुरुवात कुठून करायची ते सांगा.