पत्रा उडाला, पण दोष पत्र्याचा वाटत नाही: वादळी, दमट हवेत घराला नेमकं काय वापरावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं बैठं घर आहे. गेल्या वादळात छपराच्या समुद्राकडच्या उताराचे पाच पत्रे उडाले. एक थेट शेजारच्या आवारात विहिरीपाशी जाऊन पडला. कुणाला लागलं नाही, हेच नशीब. तेव्हापासून जो येतो तो सांगतो, "पत्रा हलका, स्लॅब टाका." मला ते पटत नाहीये, कारण पडलेले पत्रे जवळजवळ धड आहेत.

पत्रे धरून ठेवणारे, अंगणात पडलेले हुक गोळा करून आणले. त्यातला एक आत्ता टेबलावर आहे. वरची आट्यांची बाजू ठणठणीत, नटसुद्धा फिरतो. पण खाली जिथे तो पाइपाला वळसा घालतो, तिथे काडेपेटीच्या काडीएवढा उरलाय. वॉशर बोटांत चुरला.

स्लॅबवरही माझा फार विश्वास नाही. मागच्या खोलीवर स्लॅबच आहे. त्याचे पोपडे पडून सळया उघड्या पडल्यात. दोनदा प्लास्टर मारून झालं, दोन्ही वेळा पडलं. शिवाय भिंतींना लोणा, दाराच्या चौकटी फुगलेल्या, आणि सरकत्या खिडक्यांतून तिरक्या पावसाचं पाणी आत.

तर छपराला काय, सळयांचं काय, खिडक्या कोणत्या? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगितलं तर फार बरं. आगाऊ धन्यवाद.

आढेपाखे:
हुक जपून ठेवा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७५ किमीला चौरस मीटरमागे साधारण २५ किलो, तर १५० किमीला १०० किलोच्या वर. शिवाय छपरावर तो नुसता ढकलत नाही, वर ओढतो. वळचण, आढं आणि कोपरे इथे ओढ सर्वांत जास्त, म्हणून पत्रे कडेपासून उडायला लागतात. तीन चौरस मीटरच्या पत्र्याला तीनशे किलोची ओढ बसत असेल, तर पत्रा चार किलोने जड घेऊन काय फरक पडणार? स्क्रू कडेला आणि कोपऱ्यात कमी अंतरावर मारा, पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला), पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट बँडला (सळया घातलेल्या सलग पट्ट्याला) आणि बँड खाली पायापर्यंत बांधलेला हवा. यात एक कडी कच्ची असली की बाकीचा खर्च वाया.

छप्पर नव्याने करणारच असाल तर दुपाखीपेक्षा चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं, बरं. त्यात वाऱ्याला अडणारी त्रिकोणी भिंतच नसते.

गंजका खिळा:
मी फॅब्रिकेशन करतो. हुक खालूनच का गेला ते सांगतो. वरचा भाग दर पावसात धुतला जातो. छपराखाली मिठाचा थर तसाच बसून राहतो, दमट हवेत तो ओलसरच असतो, आणि लोखंड खात जातो. पावसाळा संपला की छपराखालचा भाग गोड्या पाण्याने एकदा धुवा. लोक हसतात, पण काम होतं.

नुसता चकचकीत मुलामा दिलेला बोल्ट किनाऱ्यावर टिकत नाही, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला घ्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधा लोखंडी स्क्रू मारू नका, आणि ॲल्युझिंकला (ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला) तांब्याची तार किंवा ओलं सिमेंट टेकू देऊ नका. बाहेरच्या बिजागऱ्यांना स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं नव्हे, ३१६ चं. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मिठापुढे ते जास्त टिकतं.

आढेपाखे:
स्लॅबचं राहिलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. त्यावर प्लास्टर मारणं म्हणजे सुजलेल्या पायात बूट घालणं. सळईच्या मागपर्यंत खराब काँक्रीट काढा, सळई घासून स्वच्छ करा, फार बारीक झाली असेल तर जोड द्या, मग दुरुस्तीचं मॉर्टर. फक्त पोपड्याची जागा भरली तर काही वर्षांत तिच्या लगतच्या सळया गंजायला लागतात, तेव्हा आजूबाजूला हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते बघा.

नवीन काम असेल तर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ ते ५० मिमी, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, आणि स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं). मिक्सरमध्ये "जरा पातळ करू" म्हणणाऱ्याचा हात धरा. समुद्राची वाळू अजिबात नको.

चुनेवाली:
ओलीबद्दल: आधी ती कुठून येते ते शोधा. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर हवेतली ओल, वारा खेळता ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतूनच पाणी येतंय. अशा भिंतीवर जाड ऑइलपेंट लावून ती कोंडू नका. जुन्या भिंतीला चुन्याचं प्लास्टर मानवतं.

खिडक्या बाहेर उघडणाऱ्या, गॅस्केटवर (रबरी पट्टीवर) दाबून बसणाऱ्या घ्या. काच लॅमिनेटेड घ्या, फुटली तरी चौकटीत राहते. खिडकी गेली की वारा आत शिरून छप्पर खालून ढकलतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिडी लावून कैच्यांचे पाय बघितले. प्रत्येकी दोन बोल्ट आहेत, पण ते नुसत्या विटांत बसवलेत. एक हाताने फिरला. भिंतीवर बँड नाहीच! कैच्या टेकूवर घेऊन बँड टप्प्याटप्प्याने ओतता येईल, की छप्पर पूर्ण उतरवावंच लागेल?

आढेपाखे:
टप्प्याने होतं, पण टप्पे जोडतानाच चुका होतात. बँडच्या सळया जोडावर पुरेशा लांबीने एकमेकींवर यायला हव्यात, कोपऱ्यात तर नक्कीच. कुणीतरी जागेवर येऊन भिंत बघितल्याशिवाय टेकू लावू नका. त्या फिरणाऱ्या बोल्टचा फोटो टाका. आणि तोवर त्या बाजूच्या खोलीत कुणी झोपू नका.