आर.एस.व्ही.पी.च्या खाली कोणाकोणाची नावे?

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली त्याच संध्याकाळी आमच्या घरात रुसवाफुगवी झाली. पत्रिकेच्या तळाशी ‘आर.एस.व्ही.पी.’ या अक्षरांखाली आम्हा चार भावांची नावे होती आणि चुलतभावाचे नाव मात्र ‘व्यवस्थापक’ या रकान्यात गेले होते. ‘मला आरएसव्हीपीतून काढले’ एवढेच बोलून तो निघून गेला आणि हळदीला आला नाही. ती अक्षरे एका फ्रेंच वाक्याची आहेत व त्यात भाऊबंदांचा काही संबंध नाही, हे मला त्यानंतर कित्येक वर्षांनी समजले. आपल्या गावात ही चार अक्षरे कशी वाचली जातात आणि त्यापायी काय घडले, ते प्रत्येकाने लिहावे.

वरुड तालुका, छापखाना

पंचवीस वर्षे पत्रिका छापतो आहे. ग्राहक येतो आणि सांगतो, ‘आरएसव्हीपीत सहा नावे बसवा, किलबिलमध्ये पोरांची टाका.’ विनीत, निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक यांच्याच पंक्तीतला हा आणखी एक रकाना, अशी सर्वांची समजूत आहे आणि, खोटे कशाला बोलू, माझीही तीच होती. एका शेतकऱ्याने अर्थ विचारला तेव्हा माझ्या कामगाराने न अडखळता ‘राम-सीता विवाह पत्रिका’ असे उत्तर दिले. अक्षरे इतकी चपखल बसली की आम्ही दोघांनीही ते खरे मानले, आणि पुढे निदान दहा-बारा जणांना मी स्वतः तेच सांगितले.

मेहकर तालुका, इंग्रजीची शिक्षिका

मूळ वाक्य ‘रेपाँदे सिल व्हू प्ले’ असे आहे. ‘रेपाँदे’ म्हणजे उत्तर द्या, आणि ‘सिल व्हू प्ले’चा शब्दशः अर्थ ‘आपणांस रुचत असेल तर’, म्हणजेच आपल्या व्यवहारातले ‘कृपया’. युरोपातील उच्चभ्रू वर्गात शिष्टाचाराची भाषा फ्रेंच होती, त्या काळात निमंत्रणपत्रांवरचे हे वाक्य इंग्रजीने आद्याक्षरांच्या रूपात उचलले. ‘कृपया’ त्यात आधीच असल्यामुळे ‘प्लीज आर.एस.व्ही.पी.’ असे लिहिणे म्हणजे ‘कृपया कृपया उत्तर द्या’ म्हणण्यासारखे आहे. अर्थात इंग्रजीत आता त्याचे सरळ क्रियापदच झाले असल्याने बोलताना कोणी हरकत घेत नाही. येणार असल्यास तसे आणि येणार नसल्यास तसे, दोन्ही कळवावे अशी यात अपेक्षा असते. फक्त न येणाऱ्यांनीच कळवायचे असेल तर ‘रिग्रेट्स ओन्ली’ असे छापतात. खाली जे नाव येते ते उत्तर कोणाकडे पाठवायचे हे समजण्यासाठी असते, त्यामुळे एक नाव आणि एक फोन नंबर पुरतो. निमंत्रकांच्या चुलतभावाला हे कोणीतरी सांगावे.

लाखनी तालुका

आम्ही मराठीचा अभिमान धरून त्या जागी ‘कृ. उ. द्या.’ असे छापले, म्हणजे ‘कृपया उत्तर द्यावे’. पत्रिका वाटल्या त्या रात्री तिघांचे फोन आले, ‘लग्न उद्याच आहे काय?’

हिंगणघाट तालुका, आचारी

आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचे असते. एक माणशी, आणि दुसरे चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सारे घर जेवायला येणार. किती चुलींना सांगितले, एवढे मला कळले की वरणाची, भाताची आणि वांग्याच्या भाजीची भांडी मी ठरवतो, त्यासाठी कोणाच्या उत्तराची वाट पाहत नाही. मागे एका घरी शहरात राहणाऱ्या मुलाने आग्रह धरला की पत्रिकेवर उत्तर मागितले आहे, आलेल्या उत्तरांप्रमाणे १८० पाने धरा. मी दोनदा सांगून पाहिले, पण मालकाचा शब्द शेवटचा. पहिल्याच पंगतीला दोनशेवर माणसे बसली. दुसऱ्या पंगतीला भात संपला, शेजारच्या तीन घरांतून तांदूळ आणून पुन्हा आधण ठेवले, आणि बुंदी मुठीऐवजी चिमटीने वाढावी लागली. त्या मुलाचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्यांनी काहीच कळवले नाही ते येणार नाहीत, असे त्याने धरले. आमच्या गावी मात्र जो काही कळवत नाही तो हमखास येतो.

दारव्हा तालुका, सध्या पुण्यात नोकरी

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आर.एस.व्ही.पी.खाली आजोबांचे नाव आणि फोन नंबर होता, कारण घरात ते सर्वांत वडील. माझ्या पुण्यातील सहकाऱ्यांनी त्या अक्षरांचा खरा अर्थ घेतला आणि एकेकाने त्यांना फोन लावला. एकीने अत्यंत अदबीने सांगितले की क्षमस्व, मला येता येणार नाही. आजोबा दिवसभर अस्वस्थ होते. आवतण घरी पोहोचल्यावर त्याला तोंडावर नाही म्हणणारे माणूस त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि पत्रिका देताना आपलेच काही चुकले काय, असे ते आईला पुन्हा पुन्हा विचारत होते. दुसऱ्या मैत्रिणीने ‘आम्ही तिघे येतो’ म्हणून कळवले, तेव्हा ते फोनवर एवढ्या मोठ्याने बोलले की अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बायकांनी माना वर केल्या: ‘तीनच काहून वं बाई? घरी कोन राह्यते मंग? सारे या नं!’

ती पाच जणांना घेऊन आली.