पितृपक्ष म्हणजे वाया गेलेला पंधरवडा?

मुठाकाठ
सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं, ‘मेलेल्यांना खीर-वडे घालण्यापेक्षा जिवंत म्हाताऱ्यांना वेळ द्या. पितृपक्ष म्हणजे वाया गेलेला पंधरवडा.’ रात्रभर डोक्यातून जाईना. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा महालयाला बसलो, तेव्हा नावं घेतली: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. वडील ज्यांना पणजोबा म्हणून पिंड द्यायचे, त्यांचं नाव आता आमच्या घरात कुणी घेत नाही. उद्या मुलगा माझं नाव घेईल, तेव्हा माझे पणजोबा गळतील. साठी उलटलेल्या माणसाने हे वर्षातून एकदा तरी बघावं. गणपती उठल्यापासून घट बसेपर्यंत एवढेच दिवस जरा शांत असतात, तेही नकोत?

नळस्टॉप
तो गृहस्थ बरोबर बोलला. आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा महिनोन्‌महिने फिरकायचा नाही. त्या गेल्या आणि आता श्राद्धाला पंचवीस पानं उठतात. आईबापांना सांभाळा म्हणून 2007 साली कायदा करावा लागला, आणि तुम्ही वसु-रुद्र मोजत बसलाय.

मुठाकाठ
त्या मुलाचा राग माझ्यावर का काढता? वडील शेवटी अंथरुणाला खिळले होते, सगळं मी आणि बायकोने केलं. सांभाळणारी माणसंही श्राद्ध करतात.

कसब्यातली लेक
या सगळ्यात मुलगी कुठे आहे? बाबांना आम्ही दोघी बहिणीच. गुरुजी म्हणाले, पुतण्याला बसवा. तो बाबांच्या आजारपणात एकदाही आला नव्हता! शेवटी ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री पुरोहितांना बोलावलं आणि मीच बसले. आणि अविधवा नवमीचं काय? सवाष्ण गेली तर तिला खास तिथी. नवऱ्यामागे एकटीने पोरं वाढवणाऱ्या माझ्या आजीला तशी नाही. मेल्यावरही कुंकूच बघायचं?

कर्वेनगरकर
ते सगळं ठीक, पण कावळा कुठून आणायचा? परवा गच्चीवर पान ठेवून वाट बघत बसलो. कबुतरांनी सगळं विस्कटलं. रीडेव्हलपमेंटमध्ये आवारातला पिंपळ गेला, तेव्हापासून कावळा फिरकत नाही. पान ठेवायला मुठेकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळाशी जावं लागतं. त्यात समोरच्या बिल्डिंगमधून रोज ज्वारी टाकतात.

पारवा
कबुतरांनी तुमचं काय घोडं मारलंय? मुका जीव आहे. माझी आई रोज दाणे घालायची, आता मी घालतो. माझं श्राद्ध तेच.

कर्वेनगरकर
कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. माझ्या बायकोला तेच झालंय, रात्री ऑक्सिजन लावून झोपते. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तो उगाच नाही. तुमच्या आईची आठवण तुमच्या घरात ठेवा, आमच्या खिडकीत नको!

पारवा
आईवर जाऊ नका. पिंपळ तोडायला सह्या कोणी दिल्या ते आधी सांगा.

कर्वेनगरकर
मी दिली नाही. आम्ही तिघंच विरोधात होतो, तिघंही सत्तरीपुढचे. ‘तुम्हाला किती दिवस राहायचंय इथे’ असं तोंडावर ऐकवलं मीटिंगमध्ये.

पारवा
हे वाईट झालं. वहिनींना जपा. इमारतीपाशी टाकणार नाही, पण दाणे बंद होणार नाहीत.

नळस्टॉप
तोंडावर असं बोलणारी पोरंच उद्या पानं वाढतील, हेच तर मी म्हणत होतो. मुठाकाठ, तुम्ही वडिलांचं केलंत, तुम्हाला बोललो ते मागे घेतो. त्या पंचवीस पानांत मात्र मी बसणार नाही.